खांदेरीभोवतालचे पाणी

मार्गशीर्षातल्या वद्य षष्ठीला, पहाटे पाचच्या सुमारास, आम्ही चौघे मित्र थळच्या किनाऱ्यावरून एका जुन्या परिचित तांडेलाच्या होडीत बसलो आणि केवळ हौसेखातर, गरीने मासे धरण्यासाठी, खांदेरीच्या खडकांकडे निघालो. निघण्याची वेळ तांडेलाने आदल्या दिवशीच पंचांग पाहून ठरवली होती. "सहाची पाऊणकी साडेचार," एवढेच तो म्हणाला. तिथीला पाऊणपट केले की भरती पुरी होण्याची वेळ निघते, हा या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पंतोजींच्या शाळेत आमच्या आजोबांनी घोकलेली पाऊणकी अशी दर्याच्या कामी येताना पाहून मला फार आनंद झाला. साडेचारला पाणी भरले, ओहोटी लागली, आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाठीशी आला. शिडाच्या होड्या याच दोघांच्या आधाराने बाहेर पडत. आज होडीला यंत्र असले तरी तांडेलाने वेळ मात्र बदललेली नाही.

तिथीचा संबंध केवळ वेळेशी नाही. या किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा ज्या डोल जाळ्यात येतो, ते जाळे म्हणजे समुद्राच्या तळाशी पक्के बांधलेली, प्रवाहाकडे तोंड केलेली भली लांब पिशवी. तिच्यात मासळी लोटण्याचे काम प्रवाह करतो. म्हणून डोलीला पुनवेचे आणि अवसेचे उधाण हवे. गरीचे याच्या अगदी उलट आहे. शिसे सरळ तळाला गेले पाहिजे. पाण्याला ओढ असली की दोरी तिरपी वाहते आणि गळ खडकाच्या कपारीत अडकून तुटतो. तेव्हा अष्टमीच्या आसपासचे भांगाचे मंद पाणीच तिला मानवते.

उजाडता उजाडता उंदेरी मागे पडली. तांडेल आता समोर पाहीनासा झाला. वळून किनाऱ्याकडेच पाहत, एका हाताने सुकाणू धरून, तो होडी अगदी सावकाश नेऊ लागला, आणि उंदेरीचा एक बुरूज कनकेश्वराच्या डोंगराच्या ठरावीक उतरणीखाली येताच त्याने नांगर सोडला. चहूकडे सारखेच करडे पाणी दिसत होते. पण खाली खडक होता, हे त्याच्या शिशाने पहिल्याच फेकीत दाखवून दिले.

या पाण्याचा इतिहास सांगताना लोक तोफांपासून आणि तटबंदीपासून आरंभ करतात. मला तो या खडकांपासून सांगावासा वाटतो. ऑगस्ट 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसांनिशी खांदेरीवर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले, तेव्हा मुंबई बंदराच्या तोंडाशी हे ठाणे उभे राहणे इंग्रजांना मुळीच परवडणारे नव्हते. त्यांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. तरीही मराठ्यांच्या उथळ बुडाच्या, वल्ह्यांच्या होड्या रात्रीच्या काळोखात नागावच्या बाजूने निघून बेटावर रसद पोचवीतच राहिल्या, आणि खोल बुडाच्या जहाजांना त्यांचा पाठलाग करता येईना. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली आणि त्यांची 'डव्ह' ही गुराब पाडाव केली. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी कासम इंग्रजांच्या कुमकेस आला, जानेवारी 1680 मध्ये त्याने उंदेरी बळकावली, आणि दोन्ही बेटे एकमेकांवर तोफा डागू लागली. परंतु त्याच वर्षी इंग्रजांना तह करून खांदेरीचा नाद सोडावा लागला.

त्या काळोख्या रात्री ती वल्ही मारणारे हात कोणाचे होते? दप्तरात सरदारांची नावे असतात, वल्हेकऱ्यांची नसतात. परंतु कोणता खडक कितव्या घटकेला बुडतो आणि कोणत्या फटीतून भरल्या होडीला वाट मिळते, हे ज्ञान तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यालाच असते, कारण मासा खडकाच्या आश्रयाने राहतो आणि मासा शोधणाऱ्याला खडक शोधावाच लागतो. मला तरी संशय वाटत नाही की खांदेरीची रसद थळ-नागावच्या कोळी-भंडाऱ्यांच्या या विद्येवरच पोचली.

मुरूडकडची एक परंपरा याला पोषक आहे. मोरोपंतांच्या जंजिऱ्यावरील मोहिमेत लाय पाटील या सोनकोळ्याने जिवावर उदार होऊन तटाला शिड्या लावल्या. मोहीम फसली, पण महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यात राहणाऱ्याला पालखी कशाला, म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याला दिले आणि गलबताचेच नाव 'पालखी' ठेवले, असे सांगतात. कोळ्याचा सन्मान याहून यथोचित कोणी केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

पुढे कान्होजी आंग्ऱ्यांच्या अमलात परक्या जहाजांना या पाण्यातून जाण्यास त्यांचे दस्तक लागे, आणि 1718 साली मुंबईकरांनी खांदेरीवर केलेली स्वारी विफल झाली. 1867 साली इंग्रजांनी बेटावर दीपगृह उभारले. गळाने मासे धरणे ही सभ्य गृहस्थाची शिकार होय, ही कल्पनाही त्यांच्याबरोबरच इकडे रुजली. हेन्री सलिव्हन थॉमस याचा हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवरचा ग्रंथ 1873 चा आहे, पण त्याचे चित्त नद्यांतल्या महसीर माशात गुंतलेले. आमच्या मित्रांचे रॉड आणि रिळे त्या परंपरेतली. तांडेलाजवळ मात्र लाकडाच्या ढलपीला गुंडाळलेला तंगूस आणि तर्जनीला पडलेला जुना घट्टा. दोरी त्या घट्ट्यावर टेकवून तो डोळे मिटून बसे. खाली शिंगाळा नुसता आमिष हुंगतो आहे की हेकरू ते गिळून कपारीत शिरू पाहतो आहे, हे त्याला बोटावरून कळे. मला एक हेकरू लागला खरा, पण ओढायला क्षणभर उशीर झाला. मासा खडकात शिरला, तंगूस कराकरा घासला आणि हलका होऊन हातात आला. तांडेलाने काही न बोलता दुसरा गळ बांधून दिला. त्याचा स्वतःचा हेकरू, तपकिरी ठिपक्यांचा, हातभर लांब, तोवर होडीच्या तळाशी कल्ले उघडझाप करीत पडला होता.

2025 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. बेटावर कोळ्यांच्या वेताळाचे ठाणे आहे, आणि ठोकला असता धातूच्या भांड्यासारखा वाजणारा एक दगडही आहे. हे सारे पाहायला लोक येतात आणि आले पाहिजेत. परंतु बुरूज कोणत्या उतरणीखाली आला म्हणजे नांगर सोडावा, याची नोंद त्या तटात कोठेही नाही. ती आमच्या तांडेलाच्या डोळ्यांत आहे, आणि त्याचा मुलगा मुंबईत नोकरी करतो.

पावणेअकराच्या सुमारास दोऱ्या सरळ ओळंब्यासारख्या उभ्या राहिल्या. ओहोटीभर रेवसच्या दिशेला रोखलेले होडीचे नाक हळूहळू ढळू लागले, नांगराचा दोर क्षणभर सैल पडला, आणि कोणी हात न लावता होडी फिरून उघड्या समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. "पाणी फिरलं," तांडेल म्हणाला, आणि दोऱ्या ओढू लागला.