एकल पालक आणि दत्तक बाळ: घरातले पहिले काही महिने

दत्तक बाळ घरी येते तेव्हा ते सहसा काही दिवसांचे नसते. जन्मदात्या पालकांनी बाळ सोपवल्यावर फेरविचारासाठी कायद्याने त्यांना ६० दिवस दिलेले आहेत. बेवारस सापडलेल्या बाळाच्या बाबतीत आधी पालकांचा शोध घ्यावा लागतो. त्यानंतर बालकल्याण समिती बाळ दत्तक देण्यास मोकळे असल्याचे जाहीर करते आणि मग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या यादीतून पालकांशी जुळणी होते. त्यामुळे तुमच्या मांडीवर येणाऱ्या बाळाने काही महिने दुसऱ्या कुणाच्या हातून दूध प्यायलेले असते, दुसऱ्या आवाजांवर ते झोपलेले असते.

एकट्या पालकाची अडचण इथूनच सुरू होते. अशा बाळाला सुरुवातीला एकच, नेहमीचा माणूस जवळ लागतो. तो माणूस तुम्हीच. पण चोवीस तास एकट्यानेच बाळ सांभाळणारा माणूस दोन-तीन आठवड्यांत थकून जातो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा सांभाळायच्या, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

नियमांबद्दल थोडक्यात: २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार एकल स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकल पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी एकल पालकाचे वय ४० पेक्षा जास्त नसावे लागते.

पहिली तपासणी

बाळासोबत संस्था वैद्यकीय तपासणीचा अहवाल देते. बाळ स्वीकारण्यापूर्वीच तो तुमच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा आणि घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात बाळाला घेऊन जा. अहवालात वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांच्या जुन्या नोंदी असतील तर त्या फार मोलाच्या असतात, कारण एका दिवसाच्या वजनापेक्षा वाढीची रेषा जास्त सांगते. संस्थेत राहिलेली बरीच बाळे वजनाने कमी असतात, उशिरा कुशीवर वळतात, उशिरा बसतात. बराच वेळ उताणे झोपून डोके मागून चपटे झालेले असते. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल तर वयाचा हिशोब प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून करतात. पोटभर खाणे आणि उचलून घेणारा माणूस मिळाला की यातले पुष्कळसे भरून निघते. तरी कानांची ओएई किंवा बेरा तपासणी, डोळ्यांची तपासणी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन झाले आहे का ते पाहून घ्या. नसेल तर करून घ्या.

एचआयव्हीच्या अहवालावरून पालक विनाकारण हादरतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जन्मदात्या आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळाकडे येतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे या वयात प्रतिपिंडांची साधी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे बाळाला संसर्ग झालाच आहे असे नाही. अशा वेळी पीसीआर ही वेगळी चाचणी करतात. तिचा निकाल आल्यावरच डॉक्टरांशी पुढचे बोलावे.

लसीकरणाचे कार्ड नसेल किंवा अर्धवट असेल तर डॉक्टर राहिलेले डोस ठरवून देतात. नोंद नसलेली लस पुन्हा दिल्याने सहसा अपाय होत नाही. ‘घरात कुणाला दमा आहे का, मधुमेह आहे का’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे सरळ सांगा. तुमच्या घरातला इतिहास तिथे लिहू नका. ते उत्तर डॉक्टरांना चालते.

बाळ तुमच्या हातात, घरकाम इतरांच्या हातात

मदतीला आलेली माणसे प्रेमाने म्हणतात, “दे इकडे बाळ, तू जरा स्वयंपाकाचं बघ.” पहिले चार-सहा आठवडे हे उलटे करा. दूध पाजणे, न्हाऊ घालणे, रडल्यावर उचलणे, झोपवणे तुम्ही करा आणि पोळ्या, कपडे, भांडी, बाजार त्यांच्याकडे द्या. बाळाला तुमचा वास, आवाज, मांडी ओळखीची व्हायला वेळ लागतो. तो वेळ वीस पाहुण्यांच्या मांड्यांवर वाटला गेला तर ओळख लांबते. बारशाचा मोठा घाटही महिना-दोन महिने पुढे ढकलता येतो.

संस्थेतून निघताना बाळाचे वापरातले दुपटे मागून घ्या आणि ते लगेच धुऊ नका. कोणती दूध पावडर, किती वाजता, किती, कशाने पाजतात, झोपवताना काय करतात, हे सांभाळणाऱ्या मावशींना विचारून लिहून घ्या. पहिले एक-दोन आठवडे तेच वेळापत्रक ठेवा. बदल नंतर हळूहळू करता येतात.

काही बाळे या दिवसांत खूप रडतात, कुशीत घेतले की अंग ताठ करतात. ओळखीची माणसे नाहीशी झाल्याचे ते दुःख असते. तुम्ही त्यांना आवडत नाही, असा त्याचा अर्थ नाही. मला जास्त काळजी वाटते ती अगदी शांत बाळाची. भूक लागली तरी न रडणारे, तासन्तास छताकडे बघत पडणारे बाळ ‘किती गुणी आहे’ म्हणून कौतुकाचा विषय होते. रडले तरी कुणी लवकर येत नाही, एवढे काही बाळे संस्थेत शिकलेली असतात. अशा बाळाने हाक मारण्याची वाट पाहू नका. ठरलेल्या वेळी उचला, डोळ्यांत बघून बोला, अंगाशी धरा. उचलल्याने या वयाचे बाळ लाडावत नाही. महिना-दीड महिन्यानंतरही ते नजर देत नसेल, आवाजाकडे वळत नसेल तर तपासणी हवी.

दूध आणि रात्र

दत्तक घेणाऱ्या आईला औषधे आणि पंपाच्या मदतीने दूध येऊ शकते, पण ते बहुतेकदा पुरेसे नसते आणि त्यासाठी आधीपासून तयारी लागते. बहुतेक घरांत पावडरचे दूधच असते आणि त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. काळजी घ्यायची ती मापाची आणि स्वच्छतेची. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला सपाट भरलेला एक चमचा असे प्रमाण असते, तुमच्या डब्यावरचे वाचा. ‘पचायला हलके’ म्हणून पातळ करू नका. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेले पाणी अर्ध्या तासाच्या आत, चांगले गरम असतानाच वापरावे आणि तयार दूध भांड्याभोवती गार पाणी ठेवून कोमट करावे. पाजण्यापूर्वी मनगटावर थेंब टाकून बघा. उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

वाटी-चमचा किंवा बोंडले बाटलीपेक्षा धुवायला सोपे आणि सुरक्षित. पण बाळाला संस्थेत बाटलीची सवय असेल तर पहिल्याच दिवशी ती तोडण्याचा अट्टहास नको.

रात्रीची तयारी संध्याकाळी करा. चांगल्या थर्मासमध्ये उकळते पाणी, कोरड्या डब्यांमध्ये मोजून ठेवलेली पावडर, उकळून झाकलेली तीन वाट्या-चमचे किंवा बाटल्या, जवळ लंगोट आणि दुपटी. रात्री तीनला झोपेत चमचे मोजताना चूक होते. बाळाला पाठीवर, टणक गादीवर, तुमच्याच खोलीत पण वेगळ्या जागी झोपवा. बाळ छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढणे हे एकट्या, दमलेल्या पालकाकडून सहज घडते आणि ते खरोखर धोक्याचे आहे, कारण बाळ गादीच्या फटीत घसरून त्याचा श्वास कोंडू शकतो.

रात्री झोपावे म्हणून जायफळ उगाळून देणे, बाळगुटी, मध, डोळ्यांत काजळ यातले काहीही नको. मध तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे सुरू करता येते. वर्षभर गाईचे दूध हे मुख्य दूध म्हणून देऊ नये. ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि लोहाचे औषध डॉक्टरांना विचारून घ्या, संस्थेतल्या बाळांमध्ये रक्त कमी असणे नेहमीचे आहे.

दिवसा एकटे असताना आंघोळीपूर्वी सगळे हाताशी आहे ना ते बघा. मध्येच दाराची बेल वाजली तर वाजू द्या. कुरिअर परत येते. टबातले बाळ एका मिनिटासाठीही सोडायचे नसते. तुम्हाला न्हाणीघरात जायचे असेल तेव्हा बाळ कठडा असलेल्या पाळण्यात किंवा जमिनीवरच्या सतरंजीवर ठेवा, पलंगावर उशांच्या मध्ये नव्हे.

दुसरा माणूस कोण?

एकल पालकाला मी पहिल्याच भेटीत हे विचारतो. तुम्हाला रात्री दोन वाजता १०३ ताप आला तर बाळ कुणाकडे जाईल? “कुणीतरी येईलच” हे उत्तर पुरत नाही. एका माणसाचे नाव हवे, शक्य तर त्याच गावातल्या, आणि तो आला नाही तर दुसऱ्याचे.

हा माणूस बाळाच्या ओळखीचा असायला हवा, म्हणून पहिले काही आठवडे सरल्यावर त्याला आठवड्यातून दोनदा तरी येऊ द्या. सुरुवातीला तुम्ही समोर असताना, मग तुम्ही शेजारच्या खोलीत, मग तासभर बाहेर. तुमचे आईवडील सत्तरीचे असतील, गुडघे दुखत असतील, तर बाळ उचलून जिने चढण्याचे काम त्यांच्यावर येऊ देऊ नका. बसून खेळवणे, गोष्टी सांगणे ते उत्तम करतात.

फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर बाळाचे ताजे वजन, दुधाचे माप, डॉक्टरांचा फोन आणि तापाच्या औषधाचा डोस मिलीमध्ये लिहा, तोही बाटलीच्या नावासह. पॅरासिटामॉलच्या थेंबांमध्ये दर मिलीला साधारण १०० मिलीग्रॅम औषध असते, सिरपमध्ये २४ ते ५०. घाईत बाटली बदलली तर डोस दुप्पट-चौपट होतो. दर महिन्याला वजन बदलले की कागद बदला.

दत्तक आदेश होईपर्यंत बाळ तुमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनात असते. त्या कागदांची प्रत बाळाच्या फाइलमध्ये कायम ठेवा, रुग्णालयात ‘वडिलांचे नाव’ किंवा ‘आईचे नाव’ यावर अडणारी माणसे भेटतात. तातडीच्या वेळी या दुसऱ्या माणसाने बाळाला दाखल करावे, असे तुमच्या सहीचे पत्रही त्यातच ठेवा. आरोग्य विम्यात बाळाचे नाव घालायला उशीर करू नका. (एकल वडिलांसाठी एक आगाऊ सूचना: बऱ्याच ठिकाणी बाळाला पाजायची किंवा लंगोट बदलायची खोली ‘फक्त महिलांसाठी’ असते. निघण्यापूर्वी चौकशी करा.)

तुमची तब्येत

प्रसूती झालेली नसली तरी बाळ घरी आल्यावर नैराश्य येऊ शकते, पुरुषांनाही. झोप तुटलेली असते, इतकी वर्षे वाट पाहिलेली असते आणि प्रेम मात्र पहिल्या दिवशी ठरल्याप्रमाणे येत नाही. त्यावर एकल पालकाचे स्वतःचेच एक कुलूप असते: “मीच तर हट्टाने घेतलं, आता कुणाला काय सांगू?” नातेवाईकांनी आधी विरोध केला असेल तर ते आणखी घट्ट बसते. बाळाबद्दल काहीच वाटत नाही, बाळ झोपले तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही, असे दोन आठवडे चालले तर डॉक्टरांना सांगा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी समाजसेवक भेटायला येतात, त्यांनाही हे सांगायला हरकत नाही. मदत मागितली म्हणून बाळ परत नेतील, ही भीती अनेकांना असते. थकवा आणि नैराश्य हे उपचार करण्याचे आजार आहेत.

रडणे थांबतच नाही आणि हात शिवशिवायला लागले, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार लोटून दुसऱ्या खोलीत दहा मिनिटे जा, दुसऱ्या माणसाला फोन लावा. पाळण्यात दहा मिनिटे रडल्याने बाळाला इजा होत नाही. रागात गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आठवड्यातून एक रात्र, बाळाला दुसऱ्या माणसाची सवय झाल्यावर, सलग सहा तास झोपण्याची व्यवस्था करा. ही चैन नाही, औषधाइतकीच गरजेची आहे.

नोकरीत केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना एक वर्षाच्या आतील बाळ दत्तक घेतल्यास १८० दिवसांची रजा मिळते. एकल पुरुष कर्मचाऱ्यांनाही २०१८ पासून बालसंगोपन रजा लागू आहे. खासगी नोकरीत असाल तर रजेचा नियम बाळ येण्यापूर्वीच लेखी मागून घ्या. पाळणाघर सुरू करायचे झाल्यास कामावर रुजू होण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधीपासून रोज थोडा वेळ न्या. एकदा माणसे सोडून गेलेल्या बाळाला पुन्हा अनोळखी हातांत अचानक देऊ नका.

आणि ‘खरी आई कोण?’ असे भर दवाखान्यात विचारणाऱ्याला उत्तर देण्यास तुम्ही बांधील नाही. बाळाशी मात्र ‘दत्तक’ हा शब्द आतापासूनच, दूध पाजताना, सहज वापरा. म्हणजे तुमच्या जिभेलाही त्याची सवय होते.

लगेच रुग्णालयात कधी जायचे?

तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. कोणत्याही वयात दूध अजिबात न घेणे, सतत उलट्या, झटके, उठवूनही जागे न होणे, ओठ निळसर पडणे. श्वास मोजा: दोन महिने ते एक वर्ष या वयात शांत असताना मिनिटाला ५० किंवा जास्त, किंवा छाती आत ओढली जाणे. सहा ते आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेलेली. जुलाब होत असतील तर वाटेत ओआरएस चमच्याचमच्याने पाजत राहा. एकट्याने गाडी चालवत मागे आजारी बाळ ठेवून निघू नका. १०८ ला फोन करा किंवा शेजाऱ्याला उठवा, आणि फाइल घेऊन दुसऱ्या माणसाला थेट रुग्णालयात बोलवा.