फेरोव्हियारिया

ब्राझीलमधील साओ पावलो राज्याच्या अंतर्भागात, राजधानीपासून सुमारे 270 किलोमीटरवर अराराक्वारा हे शहर आहे. तिथल्या रेल्वे कंपनीच्या लोकांनी 12 एप्रिल 1950 रोजी एक क्रीडासंस्था काढली. तिचे नाव असोसियासाव फेरोव्हियारिया दे एस्पोर्तेस.

‘फेरोव्हियारिया’ हे मुळात विशेषण. लॅटिन ‘फेरम’ म्हणजे लोखंड आणि ‘व्हिया’ म्हणजे वाट. आपला ‘लोहमार्ग’ नेमका असाच बनलेला आहे. पोर्तुगीजमध्ये ‘असोसियासाव’ स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. पुढे नाम गळाले, विशेषण उरले आणि तेच संस्थेच्या फुटबॉल संघाचे नाव झाले. ‘रेल्वेवाली’ म्हणावे तसे. लाडाने तिला ‘फेरिन्या’ म्हणतात. टोपणनाव मात्र साहजिकच ‘लोकोमोतिव्हा’, म्हणजे रेल्वेइंजिन.

सदऱ्याचा रंग ‘ग्रेना’. हा शब्द फ्रेंचमार्गे डाळिंबापर्यंत जातो, तेव्हा त्याला डाळिंबी म्हणायला हरकत नाही.

1955 मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून संघ राज्याच्या वरच्या श्रेणीत गेला. पुढे पाल्मेरास क्लबमध्ये गाजलेला खेळाडू दुदू इथलाच. 1971 मध्ये अराराक्वाराची रेल्वे ‘फेपासा’ या सरकारी कंपनीत विलीन झाली. ज्या कंपनीवरून नाव पडले ती गेली, नाव राहिले.

त्या नावाला खंडभर ओळख दिली ती महिला संघाने. ‘डाळिंबी वीरांगना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेळाडूंनी 2014 आणि 2019 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि 2015 मध्ये दक्षिण अमेरिकेचा लिबेर्तादोरेस करंडक जिंकला. 2020 ची स्पर्धा महासाथीमुळे 2021 च्या मार्चमध्ये झाली, तीही त्यांचीच.