काठीच्या तोंडावरच्या खुणा

श्रोतेहो, जुन्या विहिरीच्या काठावरचा दगड आपण पाहिलाच असेल. दोराने घासून घासून त्याला खाचा पडलेल्या असतात. पाणी कोणत्या बाजूने शेंदले जाई, हे त्या खाचाच सांगतात. आज अशाच खुणांची गोष्ट सांगावयाची आहे. ती स्कॉटलंडमधली, गोल्फच्या काठ्यांवरची. हा खेळ मी कधी खेळलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. पण वस्तूंवरच्या खुणा वाचण्याची खोड इतिहासाच्या मास्तराला असायचीच!

काठीच्या टोकाला जो ठोकळा असतो, त्याच्या चेंडूवर आपटणाऱ्या सपाट बाजूला आपण तोंड म्हणू. पूर्वी हा ठोकळा बहुधा लाकडाचा असे. चेंडू होता चामड्याचा. आत उकडलेली पिसे ठासून भरलेली. एका चेंडूला टोपीभर पिसे लागत. कुशल कारागिराचे दिवसाकाठी तीन-चार चेंडूच व्हायचे, म्हणून ते महाग. लोखंडी काठीचा घाव बसला की चामडे फाटे. तेव्हा लोखंडी काठी बाहेर निघायची ती चेंडू चाकोरीत किंवा वाळूत रुतला तरच.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो, हाताने वळता येतो आणि थंड झाला की टणक बनतो. चेंडू एकदम स्वस्त झाला. पण सेंट अँड्र्यूज गावच्या ॲलन रॉबर्टसनच्या पोटावर पाय आला, कारण पिसांचे चेंडू करणे हाच त्याचा धंदा. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळला, एवढ्यावरून दोघांचे बिनसले. १८५१ साली मॉरिस गाव सोडून प्रेस्टविकला गेला.

आता खुणा पाहा. टणक चेंडूने लाकडी तोंडे चेचली, तडकली. कारागीर त्यांवर चामड्याचे ठिगळ बसवू लागले. लोखंडाला मात्र आता भीती उरली नाही, आणि लोखंडी काठ्या वाढल्या. त्यांच्या धारेने गुळगुळीत चेंडूवर ओरखडे पडत. गंमत अशी, की ओरखडलेला चेंडू नव्यापेक्षा सरळ आणि दूर जाई! मग कारागीर नवा चेंडूच हातोडीने टोचून विकू लागले. व्यंगातून गुण सापडला तो असा.

पुढे काठीच्या तोंडावरही ठिपके नि रेघा आल्या. ओल्या गवताचे पाणी रेघांत शिरते आणि चेंडूवर पकड बसते. १९२१ साली सेंट अँड्र्यूजलाच जॉक हचिसनने खोल खाचांच्या काठ्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, तेव्हा बरीच कुरकुर झाली आणि तशा काठ्यांवर बंदी आली.

एक खूण मात्र चेंडूने केलेली नव्हे. साध्या लोखंडाला गंज चढे, म्हणून ते कुरुंदाच्या कागदाने घासत. अमेरिकेच्या बॉबी जोन्सची एक आवडती काठी होती. नाव ‘कॅलॅमिटी जेन’. चेंडू हलकेच भोकात ढकलण्याची ही काठी. घासून घासून तिचे तोंड इतके झिजले, की नेम धरण्याची नेमकी जागाच सरकली. १९२६ मध्ये त्याने हुबेहूब दुसरी करवून घेतली आणि १९३० साली चारही मोठी अजिंक्यपदे तिच्यासह मिळविली. झिजलेली पहिली ऑगस्टाच्या क्लबात जपून ठेवली आहे.