पान्हा आणि भोंगा

लकडगंज म्हणजे लाकडाच्या वखारी, हे सर्वांस ठाऊक. पण याच नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि भोंग्याच्या तालावर बाळंतिणीही कामाला जाऊ लागल्या. 🧵

मुंबईच्या गिरणगावात तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवीत आणि आई कामावर जाई. १९२० च्या दशकातील सरकारी पाहणीत याची नोंद आहे. तिला निर्दयी म्हणणे सोपे आहे. पण मजुरी बुडली तर चूल विझे. मन धास्तावलेले असेल तर पान्हा सहज फुटत नाही, हे आपल्या आज्या जाणत होत्या. आज वैद्यकही तेच सांगते.

१९१९ च्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने स्तनपानासाठी दिवसातून दोनदा अर्धा तास मागितला. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाची बाजू मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात आणि १९३० मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरलाही, कायदा झाला.

बाळ १५ महिन्यांचे होईतो स्तनपानासाठी दोन विश्रांती देणारा देशव्यापी कायदा मात्र १९६१ चा! २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा आली, पण ५० वा अधिक कर्मचारी असतील तेथेच. दहा माणसांच्या वखारीतील आई अजूनही त्याबाहेर आहे.