‘शेरा’ रकान्याचा मागोवा

विद्यापीठाच्या ग्रंथालयातली सर्वांत कंटाळवाणी वही म्हणजे दाखल नोंदवही. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, विक्रेता, बिल, किंमत. आणि शेवटी ‘शेरा’. हा रकाना बहुधा कोरा असतो. पुस्तक हरवले, फाटले, बाद ठरले की तिथे निर्लेखनाचा ठराव आणि तारीख येते. ओळ मात्र खोडायची नाही आणि तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही.

गेलेल्या पुस्तकाची एवढी कदर पूर्वी नव्हती. ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय 1602 साली उघडले, 1605 मध्ये त्याची छापील सूचीही निघाली. शेक्सपिअरच्या नाटकांचा 1623 चा पहिला संग्रह (‘फर्स्ट फोलिओ’) तिथे आला. फेब्रुवारी 1624 मध्ये तो विल्यम वाइल्डगूस या बांधणीकाराकडे गेल्याची नोंद आहे. पुढे 1660 च्या दशकात संग्रहाची तिसरी आवृत्ती आली आणि जुनी प्रत जादा समजून विकली गेली असावी. आलेल्या पुस्तकाची तारीखवार नोंद, गेलेल्याचा हिशेब मोघम! 1905 मध्ये एक विद्यार्थी घरातली जुनी प्रत दाखवायला घेऊन आला. बांधणीवरून ती आपलीच असल्याचे ग्रंथालयाने ओळखले. फुकट मात्र मिळाली नाही. वर्गणी काढून 1906 मध्ये 3,000 पौंड मोजावे लागले.

आपल्याकडे शेऱ्याला वजन आले ते लेखापरीक्षणामुळे. पुस्तक ही सरकारी मालमत्ता, म्हणून साठा पडताळणी. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरात देवघेव झालेल्या वा वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी मानले आहे. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसावी. दुर्मीळ ग्रंथ गेला, तर किंमत कितीही असो, चौकशी व्हायलाच हवी.

देवघेवीच्या नोंदीचे घराणे वेगळे. ब्राऊन या जुन्या देवघेव पद्धतीत पुस्तक देताना त्याचे पुस्तकपत्र वाचकाच्या तिकिटात ठेवत. पुस्तक परत आले की पुस्तकपत्र पुस्तकाच्या खिशात आणि तिकीट वाचकाच्या हातात. कोणी काय वाचले, याचा मागमूस उरत नसे. ते मला फार सभ्य वाटते. संगणकाला मात्र विसरायला मुद्दाम सांगावे लागते.

1991 मध्ये विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारे ‘इन्फ्लिबनेट’ हे जाळे सुरू झाले, विद्यापीठांत संगणकीकरणाला वेग आला. जुन्या संग्रहाची भरणी बहुतेक ठिकाणी कपाटातले पुस्तक हातात घेऊन झाली. त्यामुळे जे आधीच बाद झाले होते, ते संगणकात शिरलेच नाही. एखादा ग्रंथ ग्रंथालयात कधी होता, कोणाकडून आला, का काढला, याचा पुरावा त्या जुन्या वहीतच आहे.

ग्रंथपालांनो, ‘आता सगळे संगणकावर आहे’ म्हणून त्या वह्या रद्दीत घालू नका. आधी त्यांची पाने स्कॅन करा, आणि त्यानंतरही वह्या जपून ठेवा.