मोरियाचा दरवाजा

टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरियाच्या पश्चिम दरवाजावर दोन कारागिरांची नावं आहेत. दरवाजा घडवला नार्वी या ड्वार्फने, त्यावरची नक्षी रेखाटली सेलेब्रिंबोर या एल्फने. ही नक्षी फक्त चांदण्यात उजळते. आत जायचा परवलीचा शब्द दारावरच उघड लिहिलेला आहे: ‘मित्र’. गॅन्डाल्फसारखा जाणता मंत्रांमागून मंत्र म्हणत बसतो, कारण कुलूप इतकं भोळं असेल हे त्याच्या संशयी काळात सुचतच नाही.

एल्फांची कला लोपली म्हटलं की डोळ्यांसमोर येतात जहाजातून पश्चिमेला निघालेले उदास, देखणे लोक. (सिनेमांनी ती उदासी जरा जास्तच निळी केली.) पण कला संपली ती त्याच्या कितीतरी आधी. एरेगियॉनच्या लोहारांकडे साउरॉन वेषांतर करून, गुरू म्हणून आला. दुसऱ्या युगाच्या १५९० मध्ये सेलेब्रिंबोरने तीन अंगठ्या एकट्याने पुऱ्या केल्या. साउरॉनचा हात त्यांना लागला नाही, पण विद्या त्याच्याकडूनच आलेली. १६०० मध्ये त्याने सगळ्यांवर हुकमत चालवणारी अंगठी घडवली, आणि १६९७ मध्ये एरेगियॉन बेचिराख झालं. सेलेब्रिंबोर छळ सोसून मेला, पण त्या तीन अंगठ्यांचा ठावठिकाणा त्याने सांगितला नाही.

पुढचे एल्फ मला कारागिरांपेक्षा राखणदार वाटतात. तिन्ही अंगठ्या लढाईसाठी नव्हत्याच. काळाची झीज थोपवणं हे त्यांचं काम. रिव्हेन्डेल आणि लोथ्लोरिएन टिकले ते त्यांच्या जोरावर. टोल्कीन स्वतः या हौसेकडे कौतुकाने पाहत नव्हता: १९५४ च्या एका पत्रात त्याने एल्फांची तुलना मसाले भरून प्रेतं टिकवणाऱ्यांशी केली आहे.

म्हणूनच गॅलाड्रिएलचा निर्णय जड आहे. फ्रोडो अंगठी नष्ट करू शकला, तर तिच्याही अंगठीची शक्ती जाणार आणि लोथ्लोरिएन ओसरणार, हे तिला ठाऊक आहे. फ्रोडो ती सत्ता तिच्यापुढे धरतो. ती नाकारते, आणि त्याला वाटेला लावते.

त्या अंगठ्यांपेक्षा मला तो दरवाजा मोठा वाटतो. त्याला कुणाची उसनी विद्या लागली नाही; लागली ती शेजारच्या जमातीतल्या कारागिराशी असलेली दोस्ती. किमान ४,७०० वर्षांनी शब्द उच्चारताच तो निमूट उघडला. सगळे आत शिरले आणि तळ्यातल्या राक्षसाने तो मागून धाडकन लोटला, दारापाशीची हॉलीची दोन जुनी झाडं उपटून वाट बुजवली.