जंतू सापडला, वाट सापडली नव्हती

१८९७ सालचे पुणे म्हटले की रँड आणि चाफेकर आठवतात. वर्गात आम्हीही तेवढेच सांगत आलो. ज्या जंतूमुळे हे सारे घडले, तो मात्र इतिहासाच्या समासातच राहिला.

वास्तविक येर्सिन यांनी प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये ओळखला होता. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. जानेवारी १८९७मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. शत्रू ओळखीचा होता. तो घरात कोणत्या वाटेने शिरतो, हे ठाऊक नव्हते.

म्हणून पुण्यात सोजिरांनी माणसांचा माग काढला. घरे धुंडाळली, सामान जाळले, माणसांना छावण्यांत नेले. उंदरांकडे कोणाचे लक्ष नव्हते. १० मार्चला रुग्णसेवा करता करता संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली.

पुढच्याच वर्षी कराचीत सिमाँ यांनी ती वाट दाखवली: उंदीर, त्याच्या अंगावरची पिसू, मग माणूस. पिसवेच्या अन्नमार्गात जंतू वाढून तो तुंबतो; भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि जंतू दंशाच्या जखमेत सोडते, हे तर १९१४ साली उलगडले.

ज्ञान अपुरे असणे हा दोष नव्हे. पण त्या अपुरेपणाची जाणीव नसलेली सत्ता रोगाऐवजी रोग्यालाच शत्रू मानू लागते. प्लेगच्या इतिहासातून आम्हाला दिसते ते हे.